फुलघराची पूजा

चिंधीला फुलांची आवड होती असं कोणी म्हणालं तर ती पदराआड हसेल. आवडीला फुरसत लागते, आणि फणसवाडीत जन्मलेल्या बाईला ती कोणी दिलेली नाही. तिच्या लेखी फुलं दोन जातींची. एक भाजीची, म्हणजे कुड्याची, आणि दुसरी देवाची, म्हणजे गोंड्याची. गोंडा म्हणजे आपला झेंडू. ज्या फुलाला वास नाही, जे शिजत नाही आणि कोणत्या देवाला चालतं हे भगतालाही ठाऊक नाही, असलं फूल कोणी पैसे टाकून घेईल, हे तिला पंचेचाळिशी ओलांडल्यावर कळलं. पण मग पुढची सात वर्षं ती त्याच फुलांवर जगली.

फणसवाडी ठाकरांची, बावीस घरांची, लोधिवलीच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी. वाडीतून खाली पाहिलं की एका अंगाला रसायनीच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात आणि दुसऱ्या अंगाला गेल्या दहा वर्षांत उगवलेली फार्महाऊसं. सात वर्षांपूर्वी हर्षद शेठ नावाच्या मुंबईच्या माणसाने मधल्या पट्ट्यात तीन एकर जमीन घेतली आणि लोखंडी नळ्या नि पांढरं प्लास्टिक लावून एक भलंमोठं घर उभं केलं. तो त्याला पॉलिहाऊस म्हणायचा. वाडीने त्याचं बारसं केलं फुलघर. आत मातीच्या उंच गाद्या आणि त्यांवर ओळीने जरबेरा, लाल, पिवळा, पांढरा, एकेक फूल बशीएवढं.

त्याआधी वाडीचं रहाटगाडगं ठरलेलं होतं. दिवाळी आटोपली की वीटभट्टीच्या मुकादमाचा टेंपो यायचा. दाराला ताटी बांधायची, कोंबड्या टोपलीत घालायच्या, पोरांना उचलून वर द्यायचं आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत भट्टीवर राहायचं. वाडीच्या शाळेत दिवाळीनंतर मास्तर असायचे, पण पोरं नसायची. कित्येकांनी मोठं होईपर्यंत आपल्या वाडीचा शिमगा पाहिलेला नव्हता. फुलघर आलं, घरटी एका तरी बाईला बारा महिने काम लागलं, आणि टेंपो रिकामा परत जाऊ लागला. पहिल्या वर्षी वाडीत होळी पेटली तेव्हा चिंधी घळाघळा रडली. तिची सून संध्या तेव्हा नवी नवरी होती. तिला वाटलं, सासूच्या डोळ्यांत धूर गेला.

तेव्हा मामला सरळ होता. फुलघर चाललं तर वाडी घरी, नाही चाललं तर वाडी भट्टीवर. हे शेठच्या कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

जरबेऱ्याला विळा लागत नाही, कात्रीही लागत नाही. देठाच्या बुडाशी दोन बोटं घालायची, फूल बाजूला कलवायचं, हलकासा पीळ द्यायचा आणि ओढायचं. कापलं तर मागे राहिलेला खुंट कुजतो आणि झाड बसतं. हे शिकवायला देवेश उभा राहिला. देवेश म्हणजे फुलघराचा मॅनेजर, दहिवलीचा पोरगा, शेतीची पदविका घेतलेला. पहिल्याच दिवशी बायकांसमोर त्याच्या हातून चार देठ मोडले. चिंधीने रानात शेवळं खुडायला घालतात तसा हात घातला, आणि देठ अख्खा वर आला. बायका खो खो हसल्या. देवेशही हसला, आणि त्या दिवसापासून तिला मावशी म्हणायला लागला. दोन महिन्यांत ती सगळ्या बायकांची म्होरकी झाली आणि फुलघराची किल्ली तिच्या कमरेला लागली.

मध्ये एकदा दहिवलीच्या एका हॉलमध्ये सरकारी प्रशिक्षण झालं. कोटातल्या साहेबांनी पडद्यावर देशाचा नकाशा दाखवला, त्यावर लाल-हिरवे ठिपके दाखवले, आणि फूलशेती हा उद्याचा राष्ट्रीय उद्योग आहे असं तीनदा सांगितलं. चिंधीच्या पदरात त्यातलं एवढंच पडलं की देशाला फुलं हवी आहेत. "देशाला पायजेत म्हंजे आपलं घर काय लवकर बंद पडत नाय," तिने परत येताना रिक्षात सगळ्यांना सांगून टाकलं. पुढे त्या लोकांनी एक पत्रक छापलं. त्यावर बादलीभर जरबेरा घेतलेल्या चिंधीचा झकास फोटो होता आणि खाली नाव होतं भलत्याच कोणाचं तरी. वाडीत कोणाला वाचायची घाई नव्हती, म्हणून तिचा मान राहिला.

देवेशचे नियम कडक होते. दाराशी औषधाच्या पाण्यात पाय बुडवून आत यायचं. पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बाहेरचं रोप, पान, फूल, काहीही आत आणायचं नाही. हजारो फुलं खुडणाऱ्या या बायकांना केसात एक फूल माळून कामावर यायची बंदी होती. "फुलातनं कीड येते," देवेश सांगायचा. बायका हो म्हणायच्या आणि दाराशी आल्या की अबोलीचा वळेसर काढून खिळ्याला अडकवायच्या.

यंदा मात्र फुलघराचे ग्रह फिरले. दादरच्या फूलबाजारात जरबेऱ्याला कोणी विचारेना. लग्नाच्या मांडवांत प्लास्टिकची फुलं आली. शेजारच्याच रिसॉर्टमध्ये एका लग्नाला सगळा मांडव प्लास्टिकच्या जरबेऱ्याने भरला होता. बायकांनी कुंपणावरून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी माणसं ती फुलं पाइपाने धूत होती, पुढच्या लग्नासाठी. चिंधीला हसावं की रडावं कळेना. खऱ्या फुलांचं घर हाकेवर, आणि मांडव खोट्यांचा.

गणपती झाल्यावर हर्षद शेठ आला आणि बायकांसमोर उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. उगाच आवाज चढवायचा नाही. तो म्हणाला, "दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी दुबईला फुलं पाठवणारे लोक आपला माल बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर असली अजून दोन घरं बांधू. नाही पटलं तर..." त्याने रिसॉर्टच्या गेटकडे पाहिलं. रिसॉर्टवाल्यांना गाड्या लावायला जागा हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवसापासून चिंधीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती एकेक कळी पारखायची, बायकांना दटावायची, पायाखालचं वाळलेलं पान उचलून पदरात टाकायची. माणसाच्या हातात होतं तेवढं सगळं तिने केलं. उरलं ते देवाच्या हातातलं, आणि दसरा आला.

दसऱ्याला वाडीत हत्यारं पुजतात. कोयता, विळा, कुदळ, पहार, जे खायला घालतं ते पाटावर मांडायचं, गोंडा वाहायचा. देवेश सुट्टीवर होता. जाताना सांगून गेला होता, "मावशी, पूजा करा, पण बाहेर करा हां." त्याप्रमाणे बायका सकाळी दाराबाहेर जमल्या. चिंधीने आपल्या अंगणातला गोंडा पाटीभर आणला होता. आंब्याची पानं, भाताच्या नव्या लोंब्या आणि टपोरे गोंडे ओवून रात्रीच तोरणं केली होती. पाट मांडला आणि सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पाटावर ठेवायचं काय? विळा नाही, कोयता नाही. हाताने खुडायचं काम. बादल्या तेवढ्या होत्या.

"आपलं हत्यार म्हंजे हे घरच की गं," चिंधी म्हणाली.

"मंग घराची पूजा उंबऱ्याभायेरनं कशी व्हनार?" कोणीतरी विचारलं.

चिंधी घुटमळली. देवेशचा नियम तिला पाठ होता. पण तिच्या मनाने त्याची अशी फोड केली, की नियम किडक्या झाडापाल्यासाठी आहे. देवाच्या फुलाला कसली कीड? आणि पंधरा दिवसांवर परीक्षा आलेली असताना देवाला दाराबाहेर उभं करायचं, हे तिच्या जिवाला पटेना. तिने कमरेची किल्ली काढली. बायकांनी पाय धुतले, तोरणंही पाण्याने शिंपडली. एक तोरण आतल्या दारावर, एक पाण्याच्या टाकीला, आणि सगळ्यांत मोठं मधल्या खांबांना, लाल जरबेऱ्याच्या गाद्यांवर आडवं. नारळ फुटला. चिंधीने हात जोडून सांगितलं, "आमाला हितंच ऱ्हाऊं दे." दुसरं काही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवेश आला. आत पाऊल टाकलं आणि थबकला. मान वर करून तो त्या तोरणाकडे पाहत राहिला. बोलायला तोंडही उघडलं, पण समोर सगळ्या बायका नव्या लुगड्यांत उभ्या, आणि चिंधी खोबऱ्याचा प्रसाद पुढे करतेय. त्याने प्रसाद घेतला, तोरणाला हात जोडले आणि म्हणाला, "दोन दिवसांत काढा हं मावशी."

"काढते रं बाबा," चिंधी म्हणाली.

पण दसऱ्याचं तोरण आपल्या हाताने उतरवायचं नाही, भात घरात येईपर्यंत ते दारावर राहतं, अशी वाडीची रीत. आज काढू, उद्या काढू करत तिने टाळलं. देवेश दुबईच्या कागदांत बुडाला होता आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही. तोरण तिथेच सुकत राहिलं.

दहाव्या दिवशी संध्याने हाक मारली. "आये, हिकडं बग. ह्या फुलाला राख लागल्यावानी झालंय." लाल पाकळीवर पांढरे ओरखडे होते. चिंधीने बोटाने पुसलं, जाईना. शेजारच्या फुलावर तेच, त्याच्या शेजारी तेच. देवेशला बोलावलं. त्याने खिशातला कोरा कागद पसरला आणि फूल त्यावर टकटक आपटलं. कागदावर तीळभरही नसलेल्या, पिवळट, लांबोळक्या रेघा पडल्या. आणि त्या रेघा चालायला लागल्या.

"फुलकिडे," देवेश म्हणाला. त्याचा चेहरा पडला.

तो एकेक गादी बघत गेला. कडेला किडे कमी, मध्ये जास्त, आणि मोठ्या तोरणाखालच्या गादीवर तर एक फूल धड नव्हतं. देवेश तिथे थांबला. त्याने बादली उपडी घातली, तिच्यावर चढून तोरण उतरवलं, आणि कागदावर झटकलं. चिंधी शेजारीच उभी होती. तिने तो कागद पाहिला. गोंड्यातून पडलेल्या किड्यांनी तो वळवळत होता. तिच्या अंगणातला गोंडा, तिने शेणखत घालून वाढवलेला, तिने ओवलेला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत हसत म्हणतात. चिंधीला त्या क्षणी पायाखालची जमीन फाटली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरचे पाच दिवस फवारण्यांचे. देवेश पाठीवर पंप घेऊन स्वतः फिरला. निळे चिकट सापळे लावले, डागाळलेली फुलं खुडून पोत्यांनी जाळली. पण फुलकिडा कळीच्या पोटात शिरून बसतो, तिथवर औषध पोचत नाही. चिंधी कळ्या उघडून बघायची आणि मिटायची. तिच्या बोटांना सगळं येत होतं, पण यावर त्यांचा इलाज नव्हता.

दुबईची माणसं ठरल्या दिवशी आली. त्यांत श्रद्धा म्हणून एक मुलगी होती, गळ्यात भिंग अडकवलेली. स्वभावाने गोड. औषधाच्या पाण्यात बूट बुडवून आत आली, "किती छान ठेवलंय हो," म्हणाली. तीन वेगवेगळ्या गाद्यांवरून तिने तीन फुलं घेतली आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर आपटली. भिंग लावलं. मग शेठला बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं, की परदेशात एक किडा सापडला तरी अख्खी खेप जाळतात, त्यामुळे यंदा शक्य नाही. जाताना चिंधीकडे बघून ती हसली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

हर्षद शेठने देवेशला विचारलं, "हे आलं कुठून?" चिंधी चार हातांवर होती.

"हवेमुळं, सर," देवेश खाली बघत म्हणाला. "यंदा ऑक्टोबरची हीट जास्त आहे."

शेठने मान हलवली. आठच दिवसांत निर्णय झाला. झाडं उपटायची, नळ्या विकायच्या, जागा रिसॉर्टला पार्किंगला द्यायची.

चिंधीने देवेशला टाकीमागे गाठलं. "तू खोटं का बोललास रं? मी सांगते शेटला. मला काढा म्हनते, पन घर ठेवा."

"मावशी, माझे पण हात जोडलेले होते त्या तोरणाला," देवेश म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तुमी सांगून घर काय वाचत नाय. गप बसा."

ती गप बसली नाही. शेठ गाडीत बसत होता, तशी दाराशी गेली आणि सगळं एका दमात सांगितलं. गोंडा, किल्ली, पूजा, कागदावरचे किडे. शेठने शांतपणे ऐकून घेतलं. त्याला वाटलं, बाई काम जातंय म्हणून भांबावली आहे. "अहो चिंधीबाई, किडे काय, सगळीकडेच असतात," तो म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चांगलं काम केलंत." आणि काच वर गेली.

मग उरली वाडी. दिवाळी झाल्यावर गावदेवीसमोर माणसं जमली, भट्टीचं ठरवायला. हिरामण मुकादमाचा निरोप आला होता. चिंधी मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "ह्ये माज्यामुळं झालं. मी आत नेलेल्या गोंड्यातनं कीड आली." तिला वाटलं, आता शिव्या बसतील. कोणी अंगावर येईल, कोणी दंड सांगेल, कोणी आयुष्यभर बोलणार नाही. तिने मनाची तयारी केली होती. खरं म्हणजे तिला ते हवंच होतं.

सगळ्यांत आधी म्हातारा कमळ्या हसला. "गोंड्यानं फुलघर बसतं व्हय गं? मंग दर दसऱ्याला आपली बावीस घरं बसाया पायजेत." सगळे हसले. दुसऱ्याने शेठचं नाव काढलं. त्याला पार्किंगच करायचं होतं, निमित्त शोधत होता. तिसरा म्हणाला, गेल्या सालापासून त्याचं मन फिरलेलंच होतं. वाडीचं अगदीच चुकत नव्हतं. पण चिंधीने तो कागद पाहिला होता आणि वाडीने पाहिला नव्हता. "मी डोळ्यांनी बगितलं रं," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. शेवटी बायकांनी तिला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. "घराचा घोर लावून घेतलान तिनं," त्या आपसात म्हणाल्या. संध्या सासूच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला खरं ठाऊक होतं. तीही काही बोलली नाही.

सात वर्षं माळ्यावर पडलेल्या ताट्या खाली निघाल्या. काहींना वाळवी लागली होती, त्या नव्या विणाव्या लागल्या. चिंधीची नात पहिलीत होती, वाडीतच जन्मलेली, वाडीतच वाढलेली. "भट्टी म्हंजी काय गं आजी?" तिने विचारलं. चिंधीने सांगायचा प्रयत्न केला. तिथे विटा असतात म्हणाली, आणि ताटी विणायला घेतली. नातीने दप्तर बरोबर घेतलं. घेऊ नको म्हणायचं धैर्य घरात कोणाला झालं नाही.

टेंपो सकाळी आला. बायकांनी भांडी, बोचकी, कोंबड्या चढवल्या. पोरं वर गेली. तिकडे नजर जाऊ नये म्हणून चिंधी फुलघराकडे पाठ करून उभी होती. पण तिथून लोखंड कापायचा आवाज येतच होता. सगळे चढल्यावर ती मागच्या फळीला हात घालून वर चढायला लागली, तसं कमळ्याने तिचा दंड धरला.

"तू हितं नाय. तू फुडं बस."

"मी फुडं नाय बसनार," चिंधी म्हणाली. "मला हितंच बसूं दे. पाया पडते."

"चल गं. सात वर्सं तुज्या जिवावर आमी घरात जेवलो. तुला का मागं धूळ खाऊं देऊं?"

वरून बायकाही ओरडायला लागल्या, "चिंधीला फुडं बसवा, चिंधीला फुडं." कोणीतरी तिचं बोचकं पुढे नेलं. कमळ्याने ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं, सीटवर आपलं घोंगडं घालून दिलं, आणि लेकीला गाडीत बसवावं तसं हाताला धरून तिला वर बसवलं. चिंधीला ओरडून सांगायचं होतं. पण सांगायचं ते सगळं तिने सांगून झालं होतं. मागून कोणीतरी टपावर थाप मारली, टेंपो हलला, आणि सगळ्या वाडीच्या आधी चिंधी भट्टीवर पोचली.